जुनी थकबाकी असलेल्या बँकेकडे पुन्हा कर्ज मागावं का?

गोदाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, नाशिकहून लिहितोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

२०१५ साली माझ्याकडे एका खासगी बँकेचं क्रेडिट कार्ड होतं. त्याच वर्षी सातपूरची आमची कंपनी बंद पडली, दोन महिन्यांचे पगार बुडाले आणि कार्डावर ४६ हजारांची बाकी राहिली. जमेल तसं थोडं थोडं भरलं, २०१७ नंतर तेही जमलं नाही. वसुलीवाल्यांचे फोन आले, घरी माणूस येऊन गेला, मग हळूहळू सगळं शांत झालं.

आता नव्या नोकरीत पगाराचं खातं नेमकं त्याच बँकेत उघडून दिलंय. पाथर्डी फाट्याला फ्लॅट पाहिलाय आणि बिल्डरही म्हणतो, याच बँकेतून करा, फाइल पटकन सरकते. सिबिल काढला, ७६१ आला. त्यात त्या कार्डाचा मागमूस नाही. वर बँकेच्या ॲपवर रोज झळकतं, "आपल्यासाठी ८ लाखांचं वैयक्तिक कर्ज मंजूर". दाबलं की "सध्या आपला अर्ज पुढे नेता येत नाही".

म्हणजे सिबिल विसरलं तरी बँक विसरत नाही का? जुनं भरून टाकलं तर हीच बँक गृहकर्ज देईल, की दुसरं दार गाठावं? अनुभव असेल तर लिहा. उपदेश घरी भरपूर मिळतोय.

खडीसाखर

आमच्या शाखेने माझं आधार तीनदा "जोडलेलं नाही" म्हणून परत मागितलं. पण २००९ ची बाकी? ती ते झोपेतही सांगतील.

फुकटफौजदार

एवढं काय घाबरायचं? तीन वर्षं उलटली की कर्ज मेलं. मुदत कायदा आहे. बँक कोर्टात जाऊ शकत नाही म्हणजे देणं संपलं. बिनधास्त अर्ज करा. नाही म्हणाले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार ठोका.

कोबीचीभजी

वाचनखूण साठवली. माझ्या मेहुण्याचं डिट्टो असंच आहे. (मेहुणा म्हणजे मी नाही, खरंच मेहुणा.)

लेजरबुक

आयुष्य बँकेत गेलं, शेवटची काही वर्षं वसुली विभागात. म्हणून जरा सविस्तर.

पहिलं म्हणजे तुमचं खातं बहुधा "राइट-ऑफ" झालेलं असणार. लोक त्याला माफी समजतात. हप्ता ९० दिवसांवर थकला की खातं अनुत्पादक होतं, बँकेला नफ्यातून त्यापोटी तरतूद करावी लागते आणि पुढे कधीतरी ती रक्कम ताळेबंदातून काढून टाकतात. ताळेबंदातून हं, तुमच्या नावावरून नाही. वसुलीचा हक्क शाबूत राहतो आणि वेगळ्या रजिस्टरला नोंद राहते. आमच्या वेळी ते रजिस्टर कपाटात असायचं, आता सर्व्हरवर असतं.

दुसरं, ॲपवरचं ते आठ लाखांचं गाजर. जाहिराती पाठवणारा विभाग पगार जमा होतोय का, खात्यात सरासरी किती शिल्लक राहते, एवढंच बघतो. तुम्ही बटण दाबलं की छाननीचा विभाग पॅन आणि जन्मतारीख जुन्या नोंदींशी ताडून पाहतो. ग्राहक क्रमांक नवा असला तरी पॅन तोच. तिथे तुम्ही अडकता. शाखेतल्या मुलाला यातलं काहीच दिसत नाही. तो बिचारा प्रामाणिकपणे "सर, सिस्टीम घेत नाहीये" म्हणतो.

तिसरं, सिबिल हे बँकेच्या आठवणीचं एकच पान आहे. आपल्याकडे पतमाहिती कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क. वर्षातून एकदा प्रत्येकीकडून पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तुम्ही एकच काढलाय. बाकीचे तीन काढा, मग बोलू.

आणि काहीही भरण्याआधी लेखी विचारा. फोनवर कोणी "आत्ता पाच हजार टाका, बाकी बघू" म्हणालं तर टाकू नका.

काळाकोट

@फुकटफौजदार, अर्धी वकिली पूर्ण आजारापेक्षा वाईट.

१९६३ च्या मुदत कायद्याने तीन वर्षांनंतर दावा लावण्याचा मार्ग बंद होतो. देणं नष्ट होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने बॉम्बे डाइंगच्या १९५८ च्या निकालात हे स्वच्छ सांगितलंय. तो खटला कामगारांच्या न उचललेल्या पगाराचा होता, कंपनी होती देणेकरी. तत्त्व तेच. दावा मुदतबाह्य झाला तरी देणं उरतं.

आता धागाकर्त्यासाठी महत्त्वाचं. मुदत संपायच्या आत तुम्ही लेखी कबुली दिली (कलम १८) किंवा काही रक्कम भरली (कलम १९), तर तीन वर्षं नव्याने मोजायला लागतात. मुदत संपून गेल्यावर नुसतं थोडं भरल्याने ती मागे फिरत नाही. पण "मी एवढे एवढे देईन" असं सही करून लिहून दिलंत तर करार कायद्याच्या कलम २५(३) खाली तो नवा करार होतो आणि त्यावर दावा लागतो. म्हणून लेजरबुक म्हणतात ते बरोबर. विचारणा लेखी करा, पण विचारणेत वचन देऊन बसू नका. "सदर खात्याची सद्यस्थिती कळवावी" एवढंच लिहा.

लोकपालाचं म्हणाल तर कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय. त्यावर तिथे दाद मिळत नाही. नाकारल्याचं कारण लेखी मागता येतं, ते जरूर मागा.

अजून एक. पगाराचं खातं त्याच बँकेत आहे म्हणता. दावा लागत नाही म्हणून खात्यातली शिल्लक जुन्या बाकीपोटी वळती करण्याचा बँकेचा हक्क आपोआप संपत नाही. घाबरवत नाहीये, पण फ्लॅटचं बुकिंग करण्यासाठी जमवलेली रक्कम तरी तिथे ठेवू नका.

फुकटफौजदार

ठीक, कलमं तुमची. पण मग मल्ल्याचं काय? त्याला कसं पुन्हा पुन्हा मिळत गेलं? नियम फक्त ४६ हजारवाल्यांनाच.

खडीसाखर

आला, आला, मल्ल्या आला. १६ व्या प्रतिसादाच्या आत येईल अशी पैज लावली होती, जिंकले.

काळीमाती

बार्शीकडचा शेतकरी. तुमचं शहरातलं कार्ड-बिर्ड आम्हाला कळत नाही, पण "त्याच सावकाराकडून पुन्हा" हा आमचा वर्षाचा कार्यक्रम आहे.

आमच्याकडे पीककर्ज विकास सोसायटीतून, पैसा जिल्हा बँकेचा. मार्चअखेर भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य, आणि भरलं तरच नवीन उचल. याला आम्ही नवं-जुनं म्हणतो. आता मार्चमध्ये शेतकऱ्याकडे पैसा कुठून? ज्वारी नुकती निघाली, हरभऱ्याला भाव नाही, उसाचं बिल कारखान्यात अडकलेलं. मग काय होतं बघा. बँकेबाहेर चहाच्या टपरीवर एक जण बसलेला असतो. पिशवीत रोकड. गटसचिव यादी घेऊन शेजारच्या बाकड्यावर. सकाळी त्या पिशवीतले दीड लाख तुमच्या नावावर भरायचे, पावती सचिवाकडे, चार-आठ दिवसांनी नवी उचल खात्यावर आली की पिशवीवाल्याला परत. वर शेकडा दोन रुपये त्याचे. म्हणजे व्याज शून्य, पण दोन टक्के टपरीवर.

एकदा हे चुकलं आणि थकीत झालात की क. म. पत्रकात, म्हणजे कोणाला किती पीककर्ज द्यायचं त्या यादीत, नावच येत नाही. सोसायटी देत नाही, आणि राष्ट्रीयीकृत बँकेत गेलं तर ती पहिला कागद मागते सोसायटीच्या बेबाकीचा. मुख्यमंत्री दरवर्षी बँकांना दम देतात की पीककर्जाला सिबिल मागू नका. पेपरात मोठी बातमी येते. शाखेत गेलं की साहेब म्हणतो, वरून लेखी आलं नाही.

आणि आमचं देणं माणसाबरोबर मरतही नाही. माझ्या चुलत्यांनी विहिरीसाठी घेतलेलं कर्ज होतं. चुलते गेले, सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा तसाच. वारस लागले पोरांचे, पण बोजा हलला नाही. पोराने कधी एक रुपया उचलला नव्हता, तरी त्याच सोसायटीने त्याला दारात उभं केलं नाही. सिबिल बघितलं असतं तर कोरं निघालं असतं.

पेरूचीफोड

काळीमाती, पिशवीवाला हा तर आमच्याकडेही आहे, फक्त तो टपरीवर नाही, कृषी केंद्रात बसतो. बियाणं-खत त्याच्याकडूनच घ्यायचं या बोलीवर.

सदाशिवपेठी

पण कर्जमाफी झाली ना? २००८ ला झाली, २०१७ ला झाली, २०१९ ला झाली. कर भरणाऱ्यांच्या पैशातून सगळं माफ आणि पुढच्या वर्षी पुन्हा कर्ज. आमचं ४६ हजारांचं कोणी माफ करतं का?

काळीमाती

करा की माफ, कोण नको म्हणतंय. २०१७ ला दीड लाखाच्या वर ज्याची थकबाकी होती त्याला वरचे स्वतः भरल्याशिवाय माफी लागली नाही. मी नियमित भरणारा, मला प्रोत्साहन म्हणून २५ हजार. पलीकडच्या बांधावरच्याचे दीड लाख गेले. पुढे ५० हजारांचं प्रोत्साहन आलं, तेही आधार जुळेना म्हणून हेलपाटे. त्या वर्षापासून आमच्या गावात मार्चला भरणाऱ्यांची रांग आखडली, हे मात्र खरंय. ते तुम्ही म्हणता तसंच.

सदाशिवपेठी

इतकं सरळ उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. हात जोडले.

लेजरबुक

कर्जमाफीवरून भांडण पेटायच्या आत मूळ विषयाशी जोडतो, कारण इथे एक बारकी गोष्ट आहे. सरकारी कर्जमाफीत बँकेला पैसे मिळतात, सरकार भरतं. बँकेच्या दृष्टीने ते खातं फिटलं आणि शेतकरी नव्या कर्जाला पात्र. तडजोडीत, म्हणजे सेटलमेंटमध्ये, बँक स्वतः पाणी सोडते. ८० हजारांच्या जागी ३० घेतले तर ५० चा खड्डा तिच्या पोटात. ते ती लक्षात ठेवते.

रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये तडजोडीबद्दल जी चौकट घातली तिच्यात हे लिहूनच दिलंय. ज्या कर्जदाराशी तडजोड केली त्याला त्याच बँकेने किमान १२ महिने नवं कर्ज द्यायचं नाही. शेतीकर्जाला ही १२ महिन्यांची अट नाही, तिथे बँकेच्या संचालक मंडळाने ठरवायचं. आणि १२ महिने ही कमीत कमी मुदत आहे. बँक स्वतःच्या धोरणात पाच वर्षं म्हणू शकते, कायमचं दार लावू शकते. काही बँका असंही सांगतात की सोडलेली रक्कम आणून भरा, मग आम्ही तुमचा विचार करू.

टवाळ

म्हणजे बँकेने वर्षभर अबोला धरायचा असा सरकारी नियम. आमच्या घरी तीन दिवसांचा आहे.

खिडकीतलीसीट

डोंबिवलीहून. कर्जच न घेता थकबाकीदार कसं व्हायचं ते मी सांगते.

ह्यांनी ऑफिसातल्या एकाला पतसंस्थेत जामीन राहून सही दिली. एक लाख होते. तो माणूस बदली घेऊन गेला, मग नोकरी सोडली, मग फोन बंद. वर्षभराने मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी आम्ही त्याच पतसंस्थेत अर्ज केला. इतकी वर्षं सभासद, एकही हप्ता कधी चुकला नाही. काउंटरवरच्या बाईंनी वही उलटली, नावापुढे लाल शाईने काहीतरी होतं. "जामीनदार थकीत" एवढंच. अर्ज तिथेच परत.

पुढे संस्थेने कलम १०१ चा वसुली दाखला आणला, मूळ कर्जदार आणि दोन्ही जामीनदार यांच्या नावाने. सहकारात ह्याला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, उपनिबंधकाकडून दाखला मिळतो आणि वसुली अधिकारी थेट पगारावर येतो. ह्यांच्या पगारातून कापायला सुरुवात झाली, शेअर्सवरचा लाभांशही वळता झाला. दुसरा जामीनदार निवृत्त झालेला, त्याच्याकडून काय निघणार.

सगळं फिटल्यावर बेबाकी दाखला मागितला तर म्हणाले, मूळ कर्जदाराचं खातं बंद झाल्याशिवाय देता येत नाही. मी वार्षिक सभेत उभी राहिले आणि विचारलं की कर्ज फिटलं कोणाच्या पैशाने ते इतिवृत्तात लिहा. पुढच्या आठवड्यात दाखला घरपोच. नंतर मुलीच्या फीला कर्जही दिलं त्याच संस्थेने, मुकाट्याने.

काळाकोट

सभेत उभं राहणं हे सहकार कायद्यातलं सगळ्यात न वापरलं जाणारं हत्यार आहे. ताई, साष्टांग. शिवाय कर्ज जामीनदाराने फेडलं तर मूळ कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क जामीनदाराला मिळतो. त्याचा पत्ता लागला तर मुदतीच्या आत नोटीस पाठवा.

खिडकीतलीसीट

पत्ता लागलाय. फेसबुकवर गोव्याचे फोटो टाकतो.

हडसनपार

अवांतर, पण इथे न्यू जर्सीतही हेच. कायद्याने बुडीत नोंद पतअहवालात सात वर्षं राहते, चॅप्टर सेव्हन दिवाळखोरी दहा. ती निघून गेल्यावर स्कोअर झकास होतो. पण बँकेची आतली यादी त्या कायद्यात येत नाही. माझ्या ओळखीतल्या एकाने दिवाळखोरीत एका बँकेचं कार्ड बुडवलं. दहा वर्षांनी सगळे कार्ड देतात, ती एक बँक सोडून. ही गोष्ट इथले देशी लोक एकमेकांना पहिल्याच भेटीत सांगतात: बुडवायची वेळ आलीच तर ज्या बँकेत परत जायचंय ती सोडून.

सदाशिवपेठी

उत्तम संस्कार.

गडहिंग्लजकरीण

मी बचत गटांचं काम बघते. वर सगळे म्हणतायत की जुना सावकार पुन्हा उभा करत नाही. आमच्याकडे उलट आहे. पुन्हा उभी करते ती आमचीच गट-बैठक, दुसरं कोणी करत नाही.

गटात लपवायला जागाच नसते. बैठकीत वही सगळ्यांसमोर उघडते, कुणाचे किती थकले ते वाचून दाखवतात. एका बाईने म्हशीसाठी दहा हजार घेतले, म्हैस आजारी पडून मेली, हप्ते थांबले. ती बैठकीला यायची बंद झाली. आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी जाऊन बसलो. पैसे मागायला नाही, चहा प्यायला. पुढच्या बैठकीला आली. ठरलं असं की महिन्याला दोनशे तरी टाकायचे. बरेच महिने तिने टाकले. अजून निम्मं बाकी असतानाच तिने शिलाई मशीनसाठी मागितले. गटात वाद झाला, चांगला दोन तास. शेवटी तीन हजार दिले, जुनं आणि नवं एकत्र फेडायचं ठरवून. फिटलं.

बँक असं करणार नाही कारण बँकेला तिच्या घरी चहा प्यायला जाता येत नाही. पण ह्याची दुसरी बाजूही सांगते. एकीची थकबाकी सगळ्या गटाला भोवते. बँक जोडणीच्या वेळी अधिकारी परतफेडीचा तक्ता बघतो आणि एकीमुळे दहाजणींचं कर्ज लांबतं. मग ज्या बायका चहा प्यायला गेलेल्या असतात त्याच रस्त्यात तोंड फिरवतात. हे पण पाहिलंय.

पेरूचीफोड

हा प्रतिसाद वाचून धाग्याचं सार्थक झालं. ताई, मायक्रोफायनान्सवाल्यांबद्दलही लिहा कधी.

गडहिंग्लजकरीण

त्यावर वेगळा धागा लागेल आणि माझी भाषा बिघडेल.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. लेजरबुक यांच्या सांगण्यावरून बाकीचे तीनही अहवाल काढले. दोन कोरे. तिसऱ्यात सापडलं! पण बँकेच्या नावाने नाही. कुठल्यातरी ॲसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनीच्या नावाने, रक्कम १ लाख ९० हजार. हे काय प्रकरण? मी त्यांच्याकडून कधी काही घेतलेलंच नाही.

बँकेलाही काळाकोट यांच्या शब्दांत मेल केला, "सद्यस्थिती कळवावी". उत्तर आलं की खातं "असाइन" केलंय, आमच्याकडे काही देय नाही. म्हणजे सुटलो ना बँकेपुरता?

लेजरबुक

सुटला नाहीत. बँकेने बुडीत खात्यांचा गठ्ठा त्या कंपनीला विकला. २००२ च्या सरफेसी कायद्याने अशा कंपन्या उभ्या राहिल्या. गठ्ठा मूळ रकमेच्या बऱ्याच कमी भावात जातो, म्हणजे बँकेने तोटा सोसलाच. "देय नाही" याचा अर्थ पैसे मागायचा हक्क आता तिचा नाही. तुमच्यामुळे तोटा झाल्याची नोंद मात्र तिच्याकडेच आहे. ॲपने अर्ज का घेतला नाही ते आता कळलं असेल.

त्या कंपनीकडे आधी हस्तांतरणाचं पत्र मागा, ज्यात तुमचा कार्ड क्रमांक आणि तारीख आहे. बँकेकडूनही त्याची खातरजमा करा. कोणीही उठून "आम्ही तुमचं कर्ज विकत घेतलंय" म्हणतं आजकाल. पैसे फक्त कंपनीच्या नावाच्या खात्यावर, वसुली एजंटच्या यूपीआयवर कदापि नाही. एजंटने सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन केला तर त्याची मात्र रिझर्व्ह बँकेकडे तक्रार करता येते.

फुकटफौजदार

आता तर अजिबात भरू नका. मुदत गेलेली, कंपनीने चार आण्यात घेतलेलं, बँक तशीही देणार नाही. भरून मिळणार काय?

काळाकोट

या वेळी फौजदारांचा प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र धागाकर्त्याने काय हवंय त्यावर. जुन्या बँकेचंच कर्ज हवं असेल तर भरून फारसा उपयोग नाही, हे वर आलंच. दुसऱ्या बँकेचं गृहकर्ज हवं असेल तर तिसऱ्या अहवालातली १ लाख ९० हजारांची नोंद तिथल्या छाननीत येऊ शकते. बँका एकच अहवाल बघतील अशी खात्री देता येत नाही. तेव्हा प्रश्न कायद्याचा नाही, फ्लॅटच्या ताब्याच्या तारखेचा आहे.

खडीसाखर

आणि १ लाख ९० वर पहिलं वाक्य "एवढे नाहीत" हेच असू दे. आकडा ते फुगवूनच सांगतात.

टवाळ

लक्ष्मी रोडवर साडी घेतल्याचा अनुभव इथे कामाला यावा.

गोदाकाठ

अपडेट देतो, मध्ये बरेच दिवस गेले.

हस्तांतरणाचं पत्र आलं, बँकेने मेलवर दुजोरा दिला. कंपनीचा माणूस १ लाख ९० वरून १ लाख १० वर लगेच आला, मग अडून बसला. मी ४६ हजारांच्या मुद्दलावर. शेवटी ६० वर तुटलं. आधी त्यांच्या लेटरहेडवर तडजोडीचं पत्र, मग एनईएफटी, मग ना-देय दाखला. काळाकोट म्हणाले तसं माझ्या बाजूने कुठेही वचनाची सही केली नाही, पत्र त्यांचं आणि पैसे माझे. अहवालात आता "सेटल्ड" दिसतंय, बाकी शून्य.

जुन्या बँकेच्या शाखेत तरीही जाऊन आलो, मन खाऊ नये म्हणून. गृहकर्जाचा अर्ज केला, दोन दिवसांत नकार, कारण लेखी मागितलं तर "अंतर्गत पतधोरण". बिल्डरच्या प्रकल्पाला एका राष्ट्रीयीकृत बँकेचीही मंजुरी होती, हे त्याने मला आधी सांगितलंच नव्हतं. तिथे अर्ज केला. मॅनेजर बाईंनी तो "सेटल्ड" शब्द बोटाने दाखवला आणि विचारलं, हे काय. कंपनी बंद पडल्याचा कागद, जुनी पगारपत्रकं आणि ना-देय दाखला दिला, एका पानावर खुलासा लिहून दिला. ८० टक्क्यांऐवजी ७५ टक्के मंजूर केलं. वरचे पाच टक्के सासऱ्यांकडून. ती थकबाकी वेगळ्या प्रकारची असेल.

काळीमाती

अभिनंदन! सासऱ्यांचं नवं-जुनं दर मार्चला करत जा.

लेजरबुक

छान झालं. ७५ टक्के हे अजिबात वाईट नाही. पगाराचं खातं वाटल्यास तिथेच हलवा, त्यांना बरं वाटतं. आणि पुढे कर्ज फिटेल तेव्हा मूळ कागद ३० दिवसांत परत द्यावे लागतात, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला पाच हजार भरपाई आहे. वीस वर्षांनी आठवण ठेवा.

भाजकेशेंगदाणे

नवीन सभासद आहे, धागा वर काढल्याबद्दल माफी. माझं बाइकचं कर्ज होतं, शेवटचे तीन हप्ते राहिले आणि कंपनीचं ऑफिस आमच्या तालुक्यातून उठलं. आता त्याच कंपनीकडून ट्रॅक्टरसाठी घ्यायचंय. तीन हप्ते म्हणजे साडेसात हजार. देतील का?

लेजरबुक

तुमचं सोपं आहे, तडजोड करू नका. जिल्ह्याच्या शाखेत जाऊन खातेउतारा काढा, दंडव्याजासकट सगळं भरा, म्हणजे "क्लोज्ड" अशी नोंद होईल. दंडाची रक्कम कमी करून द्या म्हणून विनंती करायला हरकत नाही, पण ती त्यांनी खात्यातच उलटी नोंद करून कमी केली पाहिजे, तडजोडपत्र काढून नको. ना-देय दाखल्यासोबत फॉर्म ३५ वर त्यांची सही-शिक्का घ्या आणि आरटीओत जाऊन आरसीवरचं कंपनीचं नाव काढून टाका. ते काढलं नसेल तर बाइक विकायला निघाल तेव्हा अडेल. ट्रॅक्टरचा अर्ज त्यानंतर. आरसी हातात आहे ना तुमच्या?

भाजकेशेंगदाणे

आरसी भावाकडे आहे. बाइकही.